वजनाच्या ऑपरेशनआधी कुणाशी आणि काय बोलावं

वजन कमी करण्याचं ऑपरेशन करायचं ठरलं की बुलढाणा जिल्ह्यातला माणूस सहसा बाहेरची वाट धरतो. कुणी छत्रपती संभाजीनगर गाठतो, कुणी अकोला किंवा नागपूर. मलकापूर-नांदुऱ्याकडचा माणूस रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. जळगाव जामोदच्या बाजूला इंदूरही फार लांब वाटत नाही. दुर्बिणीतून होणारं हे ऑपरेशन साधारण एक-दोन तासांत आटोपतं आणि काही दिवसांत सुट्टीही होते. पण त्यानंतरची सगळी वर्षं चिखलीत, मेहकरात, लोणारात, आपल्याच घरात आणि आपल्याच पंगतीत काढायची असतात. शस्त्रक्रियेआधीच्या समुपदेशनाचा विचार या बाजूने करायला हवा. मोठ्या दवाखान्यात फाइल पूर्ण करायला मानसतज्ज्ञाची सही लागते म्हणून अर्धा तास बसणं वेगळं आणि घरच्या माणसांना सोबत घेऊन, गाव सोडण्याआधीच मन तयार करणं वेगळं. माझ्या मते दुसरं झाल्याशिवाय पहिल्याला फारसा अर्थ नाही.

आधी पोटात नेमकं काय होतं ते पाहू. आपल्याकडे सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक नळी, चहाच्या कपाएवढं मावेल अशी. भुकेचा संदेश मेंदूकडे नेणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढून टाकलेल्या भागात तयार होत असतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने भूकच मंदावते. ‘बायपास’मध्ये जठराचा दोन मोठ्या चमच्यांएवढा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न कमी मावतं, शोषणही कमी होतं आणि आतड्यातली संप्रेरकं बदलल्यामुळे मधुमेह अनेकदा वजन उतरण्याआधीच आटोक्यात येऊ लागतो. चांगल्या केंद्रांत या ऑपरेशनमुळे जिवाला असणारा धोका हजारांत एक ते तीन इतका खाली आला आहे. थोडक्यात, उपचार खरा आहे आणि ज्याला त्याची गरज आहे त्याने घाबरून मागे सरू नये.

गरज कुणाला, हे वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या बीएमआय या आकड्यावरून ठरवायला सुरुवात होते. 5 फूट 2 इंच उंचीच्या बाईचं वजन 95 किलो असेल तर तिचा बीएमआय 38 च्या आसपास येतो. भारतीय शल्यविशारदांनी बरीच वर्षं 37.5 ही मर्यादा मानली. मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर 32.5. 2022 साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी मर्यादा आणखी खाली आणली आणि आशियाई लोकांना 27.5 पासूनही शस्त्रक्रियेचा पर्याय देता येईल असं सांगितलं. त्याच बाईच्या बाबतीत हा आकडा 68 किलोच्या जवळपास येतो. विम्याचा हिशेब मात्र कडक आहे. विमा नियामकाने ठरवलेल्या अटींनुसार बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर असून हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह अशांपैकी काही असेल, तरच दावा पुढे सरकतो. म्हणजे डॉक्टर ‘करता येईल’ म्हणतात आणि विमा ‘नाही’ म्हणतो असा मोठा पट्टा मध्ये उरतो. त्यात अडकलेली कुटुंबं पदरचे लाखभर-दोन लाख किंवा त्याहून जास्त काढतात, सोयाबीनचे पैसे येईपर्यंत उसनवारी करतात. पैसे भरले की मनातली शंका बोलून दाखवणंही अवघड होतं. म्हणून समुपदेशन अनामत रक्कम भरण्याच्या आधी व्हावं, नंतर नाही.

आता अपेक्षेचं बोलू, कारण सगळ्यात जास्त दुःख तिथून येतं. स्लीव्ह किंवा बायपासनंतर एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या साधारण 25 ते 30 टक्के वजन उतरतं. 95 किलोच्या त्या बाईचं वजन 67 ते 71 किलोवर येईल. गुडघे सुटतील, साखर उतरेल, जिने चढताना दम लागणार नाही. वैद्यकीय दृष्टीने हे मोठं यश आहे. पण तिच्या मनात लग्नाच्या अल्बममधले 50 किलो असतील, तर तिला हे यश अपयश वाटेल. पोटावरची, दंडावरची सैल कातडी उरणार हे कुणी आधी सांगितलं नसेल, तर आरशासमोर उभं राहणं ऑपरेशनआधीपेक्षा अवघड होईल. पुढे काही वर्षांनी काही किलो परत चढतात, हेही बहुतेकांच्या बाबतीत घडतं. समुपदेशकाने पहिल्याच भेटीत कागदावर हा हिशेब मांडून दाखवावा आणि विचारावं: ‘ताई, 70 किलोवर काटा थांबला तर चालेल का?’ या एका प्रश्नावर पाच मिनिटं गप्प बसणारी माणसं असतात आणि ती शांतता मोलाची असते.

अपेक्षेची दरी किती खोल जाऊ शकते हे मुंबईने 2017 साली पाहिलं. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची इमान अहमद, जगातली सर्वांत वजनदार बाई म्हणून ओळखली गेलेली, त्या वर्षी फेब्रुवारीत मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणली गेली. तिचं वजन सुमारे 500 किलो असल्याचं सांगितलं जात होतं. मार्चमध्ये तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली, वजन झपाट्याने उतरल्याचं रुग्णालयाने जाहीर केलं, पण तिची बहीण समाधानी नव्हती. तिने रुग्णालयाच्या दाव्यांवर जाहीरपणे शंका घेतली आणि रुग्णालयाने त्या आरोपांचा इन्कार केला. मे महिन्यात इमानला अबू धाबीला हलवलं आणि 25 सप्टेंबरला तिचं निधन झालं. तिची अवस्था अतिशय गुंतागुंतीची होती, त्यामुळे कुणा एकाला दोष देणं चुकीचं होईल. मात्र बहिणीच्या मनातली ‘बरी होणं’ ही कल्पना आणि डॉक्टरांच्या मनातली कल्पना एक नव्हती, एवढं साऱ्या जगाला दिसलं. आपल्या तालुक्यातल्या साध्या 110 किलोच्या माणसाच्या घरीही तेच घडू शकतं. फक्त तिथे टीव्हीचे कॅमेरे नसतात.

मनाची तपासणी ही नवी टूम नाही. 1991 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या शस्त्रक्रियेवर तज्ज्ञांची परिषद भरवली, तेव्हाच रुग्णाची निवड शल्यविशारद, फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ यांच्या पथकाने करावी असं ठरलं होतं. त्यामागचं कारण पुढे आकड्यांतही दिसलं. 2016 साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेल्या निष्कर्षांनुसार या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी सुमारे 19 टक्के लोकांना नैराश्य आणि सुमारे 17 टक्क्यांना एका बैठकीत ताबा सुटून खूप खाण्याचा विकार होता. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आधी नैराश्य होतं म्हणून नंतर वजन कमी उतरतं, असा ठोस पुरावा मिळाला नाही. उलट ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं नैराश्य हलकं होतं. म्हणून समुपदेशन म्हणजे लोकांना बाद करण्याची चाळणी नव्हे. आत्महत्येचे विचार, उपचाराशिवाय राहिलेला गंभीर मानसिक आजार, दारूचं चालू व्यसन असं काही आढळलं तर ऑपरेशन पुढे ढकलतात, आधी ते सावरतात आणि मग करतात. आपला नंबर कापला जाईल या भीतीने तिथे खोटं बोलणं म्हणजे स्वतःच्याच उपचाराला खोटी माहिती देणं.

समुपदेशक काय विचारतो? ‘तुम्ही किती खाता’ यापेक्षा ‘केव्हा आणि कशासाठी खाता’ हे. दिवसभर शेतात काही नाही आणि रात्री दहाला भाकर, बेसन, ठेचा, भात एकदम, असं होतं का? सासू बोलली, मुलाचा निकाल बिघडला की फरसाणाचा डबा उघडतो का? रात्री सगळे झोपल्यावर चोरून खाणं होतं का? लहानपणी कुणी वजनावरून चिडवलं, कुणी अंगाला हात लावला, तेव्हापासून खाणं वाढलं का? शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण अनेकांच्या वाढलेल्या वजनाच्या मुळाशी असा जुना घाव असतो. खाणं हाच ज्याचा आधार आहे त्याचा तो आधार ऑपरेशन एका दिवसात काढून घेतं. त्याच्या जागी काय येणार हे आधी ठरलं नाही, तर जागा रिकामी राहत नाही.

काहींच्या बाबतीत त्या जागी दारू येते. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत बायपासनंतर दुसऱ्या वर्षी दारूचा विकार असणाऱ्यांचं प्रमाण आधीपेक्षा वाढलेलं आढळलं, म्हणजे पहिल्या वर्षाचं कौतुक सरल्यावर. यात शरीराचाही भाग आहे. लहान झालेल्या जठरातून दारू पटकन आतड्यात उतरते, रक्तात लवकर चढते आणि पूर्वीपेक्षा कमी पेगमध्येच चढते. सिगारेटमुळे नव्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे त्यात खर्रा आणि तंबाखूही धरायला हवेत, आणि ते बोलताना माणसं सहज गाळतात, कारण खर्रा कुणी व्यसनात मोजतच नाही. तो मोजावा आणि सांगावा.

याहून गंभीर गोष्टही दबक्या आवाजात नको, स्पष्ट बोलायला हवी. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेऊन रुग्णालयात येण्याचं प्रमाण आधीच्या तुलनेत सुमारे दीडपट झालेलं दिसलं. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या 2007 सालच्या अभ्यासात एकूण मृत्यू 40 टक्क्यांनी घटले, पण अपघात आणि आत्महत्यांसारख्या कारणांनी झालेले मृत्यू वाढले. अशा मृत्यूंचं एकूण प्रमाण कमीच आहे. पण आपल्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांची वर्षं पाहिली आहेत. ‘असं आपल्याकडे नाही होत’ हे वाक्य आपल्याला बोलता येणार नाही. आधीपासून मनाच्या गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नयेत, कारण ऑपरेशननंतर औषधांचं शोषण बदलतं. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तात ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं आणि मात्रा नव्याने बसवावी लागते.

आता घराकडे येऊ. ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे साधारण पातळ पदार्थ, मग कुस्करलेलं मऊ अन्न आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, तेही बशीभर. एकेक घास वीसदा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं आणि दिवसभरात दीड-दोन लीटर पाणी घोटाघोटाने संपवायचं. रोज 60 ग्रॅमच्या पुढे प्रथिनं हवीत, म्हणजे ताटात आधी डाळ, अंडं, पनीर, दही आणि भाकर सगळ्यात शेवटी. आपल्या घरात ताटाची सुरुवातच भाकरीने होते, त्यामुळे हा बदल एकट्या रुग्णाचा नसतो, चुलीजवळ बसणाऱ्या बाईचाही असतो. ती समुपदेशनाला आलीच नसेल, तर तिला कुणी सांगायचं?

मे महिन्यातल्या लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. ऑपरेशनला चार महिने झालेली सून बसली आहे. वाढपी जिलबी घेऊन येतो, मागून मामी म्हणते, ‘थोडं तरी घे वं माय, काहून खात नाही?’ ती नको म्हणते, तर वरमाईचा मान दुखावतो. ती एक जिलबी खाते. बायपास झालेला असेल तर दहा-पंधरा मिनिटांत छातीत धडधड, घाम, चक्कर, कारण साखर थेट आतड्यात उतरली. चार जणी भोवती जमतात आणि दुसऱ्या दिवशी गावभर बोलणं होतं की ऑपरेशन बिघडलं. खरं तर काही बिघडलेलं नसतं. फक्त ‘नको’ कसं म्हणायचं आणि तिच्या वतीने कुणी म्हणायचं, हे आधी ठरलेलं नसतं. सासूने किंवा नवऱ्याने शेजारी बसून ‘डॉक्टरांनी सांगितलंय, राहू द्या’ म्हणणं हे औषधाइतकंच कामाचं आहे. उपवासाचंही तसंच. निर्जळी एकादशी, साबुदाण्याची खिचडी, शेगावला पायी वारी, हे सगळं पहिल्या वर्षात शरीराला झेपत नाही. पाणी कमी पडतं आणि उलट्या चालू राहिल्या तर जीवनसत्त्वं घसरतात. श्रद्धा न दुखावता उपवास कोणत्या रूपात ठेवायचा, हा प्रश्न समुपदेशकासमोर मोकळेपणाने मांडावा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

केसांचंही सांगायला हवं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, झपाट्याने वजन उतरल्यामुळे आणि प्रथिनं, लोह, जस्त कमी पडल्यामुळे, बऱ्याच जणांचे केस पुंजक्याने गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. पण अचानक केस गेल्याने माणूस कसा हादरतो हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक आलं, डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे लक्ष वेधलं. त्या आजाराचं कारण वेगळं होतं, पण लोक लाजेने डोकं भादरून घेत होते, बाहेर पडायचे टाळत होते. दुखणं टाळूचं आणि घाव मनाचा, हे तिथे उघड दिसलं. चौथ्या महिन्यात केस गळतील हे ज्याला आधी ठाऊक आहे, तो घाबरून गोळ्या सोडत नाही. आणि गोळ्या सोडणं परवडणारं नाही, कारण बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची साथ जन्मभर लागते.

एक गोष्ट मात्र मी रागाने लिहितो. मुलीचं लग्न जमावं म्हणून ऑपरेशन करणं. मुलगी विशी-बाविशीची असते, स्थळं परत जात असतात आणि निर्णय बाप, काका, मध्यस्थ मिळून घेतात. अशा मुलीला समुपदेशकाने एकटीला, घरच्यांना बाहेर बसवून विचारलंच पाहिजे: ‘हे तुला हवंय का?’ तिचं उत्तर ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असेल तर तारीख पुढे ढकलावी. शिवाय ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पुरता भरवसा ठेवता येत नाही. लग्न होताच ‘गोड बातमी’ विचारणाऱ्या घरात हे कोण समजावणार? सासरी ऑपरेशन लपवलं असेल तर हा धोका आणखी वाढतो. नागपूरच्या नितीन गडकरींनी 2011 साली मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं आणि त्याबद्दल ते उघडपणे बोलतात. तोच मोकळेपणा आपल्या गावातल्या मुलीलाही मिळायला हवा.

‘हे सगळं बोलायला आमच्याकडे आहे कोण’ हा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर अगदीच नाही असं नाही. समुपदेशक हा शब्द ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही तपासणी केंद्रांमुळे पूर्वीच रुळला. 2015 पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाच्या 14 जिल्ह्यांत बुलढाणा आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. मधुमेह-रक्तदाबाच्या तपासणीला असंसर्गजन्य आजारांच्या (एनसीडी) क्लिनिकमध्ये गेलात तर तिथेही समुपदेशनाबद्दल विचारा. यांतले सगळे जण या ऑपरेशनच्या तपशिलात तरबेज नसतील. पण नैराश्य, व्यसन, घरातली भांडणं, खाण्यावरचा ताबा, याविषयी बोलायला ते पुरेसे आहेत. तिथे काय बोलणं झालं ते एका कागदावर लिहून घ्या आणि शहरातल्या दवाखान्याच्या मानसतज्ज्ञासमोर ठेवा. तिथली अर्ध्या तासाची भेट मग वरवरची राहत नाही. सुट्टी होऊन गावी परतल्यावर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात आणि वर्षाने, निदान फोनवर, पुन्हा बोलण्याच्या तारखाही ऑपरेशनआधीच ठरवून घ्याव्यात. दुसऱ्या वर्षातली भेट तर अजिबात चुकवू नये, कारण तोवर कौतुक थांबलेलं असतं आणि मन घसरण्याचा काळ तोच असतो.

तुमच्या घरात कुणी या ऑपरेशनचा विचार करत असेल तर पैसे भरण्याआधी एकदा, घरातल्या ताट वाढणाऱ्या माणसाला सोबत घेऊन, समुपदेशकाला भेटा. ते जमत नसेल तर 14416 या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.